नामाच्या पोटाची चौकशी आता पुरे

सेलूच्या फलाटावर आम्हां दोघा भावांना निरोप द्यायला वालूरहून दोन बैलगाड्या भरून माणसे आली होती, आणि त्यांतल्या जवळजवळ प्रत्येकाच्या हातात पोटाचे औषध होते. कोणी ओवा भाजून आणला होता, कोणी हिंगाची पुडी, कोणी हिरड्याचे चूर्ण. चुलते तुकाराम तात्या यांनी तर सैंधव घातलेला लिंबाचा रस बाटलीत भरून दिला आणि तो मनमाडपर्यंत घोटघोट घ्यावा असे बजावले. गाडी हलायच्या बेतात असताना आई खिडकीशी आली, आत हात घालून तिने नामाच्या पोटावरून पदर फिरवला आणि म्हणाली, "बाबा, तिकडं तेलकट खाऊ नको. पोटाला जप." नामा मान हलवत होता.

त्याच्या पोटाला काहीही झालेले नव्हते. हे आईला ठाऊक होते, तात्यांना ठाऊक होते, त्या फलाटावर उभ्या असलेल्या प्रत्येक जाणत्या माणसाला ठाऊक होते. मला त्या सर्व पुड्या रुळांवर भिरकावून द्याव्याशा वाटल्या. मी त्या पिशवीत भरल्या आणि बसलो.

ते साल चौऱ्याहत्तर. वालूरच्या माझ्या माणसांनो, आणि दुष्काळात आमच्यासारखेच पुण्या-मुंबईकडे पांगलेल्यांनो, त्या दिवसापासून जे बोलायचे राहिले ते आज लिहीत आहे. मी जन्मभर इतरांच्या दरखास्ती, म्हणजे सरकारी अर्ज, लिहिल्या. निजामाच्या अमलात उर्दूतून, नंतर मराठीतून, सेलूला तहसिलीसमोरच्या लिंबाखाली बसून. मला तुम्ही थट्टेने 'बिनसनदेचा बॅरिस्टर' म्हणत आलात. ते मला मान्य आहे. ही दरखास्त मात्र माझी स्वतःची आहे आणि ती तुमच्यापुढे आहे.

नामदेव माझ्याहून अठरा वर्षांनी लहान. आमच्या घराण्यातला पहिला ट्रेंड, म्हणजे प्रशिक्षण घेतलेला, मास्तर. धर्मांतराच्या वर्षी तो मॅट्रिकच्या अभ्यासात होता, आणि विहारात पेटी वाजवणारा त्याच्यासारखा दुसरा पंचक्रोशीत नव्हता. त्याची पत्नी शांता बाळंतपणात गेली, मूलही गेले. पाठोपाठ त्याची बदली अशा गावी झाली की तिथे बौद्ध मास्तरला खोली मिळेना. अस्पृश्यता पाळणे हा गुन्हा आहे असे संविधान सांगते. घरमालक सांगतो की खोली कालच दुसऱ्याला दिली. नामा शाळेच्याच एका खोलीत, पाट्या आणि मोडक्या बाकांच्या मध्ये निजू लागला. निजू लागला म्हणतो, पण झोप त्याला येत नव्हती. सुटीत घरी आला तरी पुढ्यातले ताट तसेच सारायचा. मग एके दिवशी तो आपली पेटी ढोलकीवाल्या मारोतीच्या घरी ठेवून आला आणि म्हणाला, "आता तूच ठेव." आपण काय म्हणालो? आपण म्हणालो, मास्तर विरक्त झाला. आपण त्याचे कौतुक केले!

यांतले कोणतेही एक कारण घेऊन मी कोर्टात उभा राहिलो तर मुकदमा हरेन. पत्नी गेलेले पुष्कळ लोक जगतात, परगावी एकटे राहणारेही जगतात. एकाच माणसावर हे सगळे थरावर थर चढत गेले आणि त्या काळात त्याला "तुझं काय चाललंय" असे कोणी विचारले नाही, एवढेच मला सिद्ध करता येते.

भाद्रपदातल्या एका सकाळी नामा जीव द्यायला गेला आणि वाचला. कसा, कुठे, ते मी लिहिणार नाही. त्या तपशिलाची चर्चा गावाने चवीने करून झाली आहे आणि तिच्यातून कोणाचे भले झालेले नाही. लिहिण्यासारखे एवढेच की तो दवाखान्यात शुद्धीवर आला आणि डोळे उघडल्यावर त्याला पहिल्यांदा दिसला तो पोलीस जमादार.

जमादार माणूस म्हणून वाईट नव्हता. मला बाजूला घेऊन त्याने हळू आवाजात सांगितले, "अर्जनवीससाब, कलम तीनशे नऊ. मास्तर गेले असते तर त्यांच्यावर मुकदमा न्हवता. वाचले मनून हाय."

हे वाक्य मी तेव्हापासून किती कागदांवर उतरवले असेल! ज्याला जगणे असह्य झाले त्याला राज्याने म्हणायचे की तू वाचलास, आता कैदेची तयारी ठेव. कलमात एक वर्षापर्यंत साधी कैद आहे, दंड आहे. औषधाचा, विचारपूस करण्याचा, सोबतीचा उल्लेख त्या कलमात कोठेही नाही. ज्या शिक्षकाची नोकरी हाच त्याला जगाशी बांधणारा शेवटचा धागा, तो धागाही या कलमाने तोडायचा. आणि याला न्याय म्हणायचे!

मग तात्या आले. बाहेरच्या ओट्यावर त्यांनी मला बसवले.

"लिव्हा. पोटशूळ उठला, घेरी आली, पडले. दोन ओळीचं काम हाय तुमचं."

"तात्या, पोटशूळ न्हवता."

"मला म्हाईत न्हाई व्हय? पन खरं लिव्हून लेकराला जेलात घालायलाव का तुमी? लय कायदा शिकलाव!"

माझा सारा राग या प्रश्नापासून सुरू होतो. खरे लिहिले तर भाऊ आरोपी ठरतो, खोटे लिहिले तर तो पोटाचा रोगी ठरतो, आणि तो जो होता त्यासाठी कागदावर जागाच नाही. मी लेखणी खाली ठेवली. तात्यांनी दुसरा लिहिणारा गाठला, कागद पुढे सरकला आणि प्रकरण मिटले. सगळे सुटल्यासारखे हसले. मलाही हायसे वाटले, ते नाकारत नाही. भावाच्या हातात बेडी पडावी असे कोणाला वाटेल?

परंतु वालूरकरांनो, त्यानंतर तुम्ही जे केले ते कोणत्याही कलमाने तुमच्याकडून मागितले नव्हते. कागदावरचे पोट तुम्ही खरे धरलेत. आईने नामाचे जेवण वेगळे काढले; पातळ खिचडी, बिनतिखटाचे वरण. पंगतीत बसणारा माणूस चुलीपाशी एकटा जेवू लागला. त्याला "पोटाच्या माणसाला ऊन सोसायचं न्हाई" म्हणून शेताकडे जाण्यास मनाई झाली. शाळेकडून रजा घेतली होतीच. वाटेत भेटणारा प्रत्येक जण विचारी, "काय मास्तर, पोट कसं हाय?" आणि नामा म्हणे, "बरं हाय." हा सवाल-जवाब इतका पाठ झाला की त्याच्यापलीकडे कोणालाच जावे लागेना.

एक मारोती मात्र संध्याकाळी दारात येऊन ओरडे, "ए पेटीवाल्या, तिकडं विहारात पोरं ताल सोडून बोंबलायलेत. सूर धरायला काय तुझा आज्जा येनार हाय? ऊठ, न्हाई तर तुझ्या पेटीत मी दाने भरून ठेवतो!" दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नामा ओठांच्या कोपऱ्यातून हसला. मी ते पाहिले. तो उठून धोतर सावरू लागला, आणि नेमके तेव्हा तात्या गरजले, "मारोत्या, अक्कल हाय का? पोटाच्या मानसाला भाता वढायला लावतोस? आतडं वळलं मंजे?"

मारोती उभा राहिला. खरे काय ते त्याला माहीत होते आणि तात्यांनाही माहीत होते. पण तात्यांना खोडून काढायचे तर तो शब्द उच्चारावा लागला असता. तो परत गेला आणि पुन्हा आला नाही. नामा खाली बसला.

त्या संध्याकाळी मी ठरवले की याला येथून हलवायचे. माझा मुलगा पिंपरीला एका कारखान्यात लागला होता, तो बोलावत होताच. मला वाटे, धोका वालूरच्या हवेत आहे. दबक्या आवाजात, नजरांत, त्या परगावच्या शाळेच्या खोलीत. माणूस उचलून नेला की धोका मागे राहील. सीमा ओलांडली की हुकूमत संपते, असा माझा कायदेशीर हिशेब.

पिंपरीची आमची खोली म्हणजे दहा बाय बारा, पत्र्याखाली. मुलगा फर्स्ट शिफ्टला जाई, मग ओव्हरटाइम. सून लता कँटीनसाठी पोळ्या लाटायला शेजारणीकडे जाई. मी कोर्टाबाहेर टेबल टाकले; तिथे दरखास्तीला 'अप्लिकेशन' म्हणतात आणि टाइप केलेली मागतात, म्हणून एका टायपिस्टाच्या शेजारी बसून मी मजकूर सांगू लागलो. नामा दिवसभर खोलीत. तिथे त्याच्या पोटाची चौकशी कोणी करत नव्हते, आणि दुसरी कसलीही चौकशी कोणी करत नव्हते. एकदा संध्याकाळी तो मला म्हणाला, "दादा, इथं मला कुनी वळखत न्हाई, ते बरं हाय. पन म्या इथं नसलो तरी कुनाला कळनार न्हाई."

मी त्याला दुसऱ्याच दिवशी सरकारी इस्पितळाच्या ओपीडीत नेले. रांगेत ताटकळून आत गेलो. मनाच्या आजारांच्या डॉक्टर एक बाई होत्या, माझ्या मुलाच्या वयाच्या. मी पिशवीतून सर्व कागद काढले आणि पोटशूळाची नोंद कशी खोटी आहे हे मुद्देसूद सांगायला आरंभ केला. बाईंनी हात वर करून मला थांबवले आणि नामाकडे वळून, ताप किती दिवस आहे असे विचारावे तितक्या साधेपणाने विचारले, "जीव संपवावा असं वाटतं का? आताही वाटतं?"

मी उठून उभा राहिलो. "बाई, हा काय प्रश्न झाला? नसलेलं त्याच्या डोक्यात घालता आहात तुम्ही!"

"तुम्ही बसा, काका. विचारल्यानं हा विचार कोणाच्या डोक्यात शिरत नाही. विचारलं नाही, तर माणूस तो एकटाच घेऊन बसतो."

मी बसलो, तो रागाने. नामा टेबलाकडे पाहत होता. मग म्हणाला, "वाटतं. रोज न्हाई. पन वाटतं." आणि लहानपणी आईने मारल्यावर रडे तसा रडू लागला. एवढ्या दिवसांत त्याच्या तोंडून त्याच्या आजाराचे नाव मी पहिल्यांदा ऐकत होतो. पुढे बसलेल्या परक्या बाईला तो ते सांगू शकला, मला नाही, आईला नाही, त्या दोन बैलगाड्यांतल्या कोणालाही नाही.

मग बाई माझ्याकडे वळल्या. झोपतो कधी? जेवतो कोणाबरोबर? पूर्वी असे काही केले होते का? दारू? घरात हाताशी धोक्याची वस्तू कोणती आहे, ती कुलपात टाकाल का? कोणाशी बोलतो? काय केले की त्याला बरे वाटायचे? मी साक्षीदारासारखा उत्तरे देत गेलो. बरे कशाने वाटायचे, तर पेटीने. जेवायचा कोणाबरोबर, तर पंगतीत सर्वांबरोबर. बोलायचा कोणाशी, तर मारोतीशी, शाळेतल्या मुलांशी. आणि ही उत्तरे देता देता माझा आवाज चढू लागला. जे जे त्याला धरून ठेवत होते ते ते आपण त्याच्या न दुखणाऱ्या पोटाच्या नावाखाली एकेक करून काढून घेतले होते. पंगत काढली, शेत काढले, पेटी काढली, मारोती काढला. हे सर्व मायेने केले. शत्रूने केले असते तर मी त्याच्यावर फिर्याद ठोकली असती.

"मग गुन्हेगार कोण, हे तरी सांगा," मी बाईंना म्हणालो.

त्या थकल्यासारख्या हसल्या. "काका, मला गुन्हेगार शोधायचा नाहीये. त्यांना झोप लागली पाहिजे, गोळ्या वेळेवर गेल्या पाहिजेत, आणि एक तरी माणूस असा पाहिजे की ज्याला ते हे सांगू शकतील."

या उत्तराने माझे समाधान झाले नाही. मला प्रत्येक गोष्ट एक तर वादीच्या बाजूला हवी, नाही तर प्रतिवादीच्या. इथे वालूर दोन्ही बाजूंना उभे होते. जीभ आवरणारे वालूर आणि दारात येऊन शिव्या घालणारे वालूर एकच. मी भावाला धोक्यापासून दूर आणले, तेव्हा त्याच्या आधारापासूनही दूर आणले. पुण्याच्या डॉक्टरीणबाई वालूरला नाहीत, आणि वालूरचा मारोती पुण्यात नाही. या देशात माणसाला औषध एका गावी आणि माणसे दुसऱ्या गावी का मिळावीत, याचे उत्तर कोणी तरी मला द्यावे. मी जिल्ह्याला लिहिले, मुंबईला लिहिले, दिल्लीला लिहिले. कलम काढा, तालुक्याच्या दवाखान्यात मनाच्या आजाराचा डॉक्टर द्या. 'आपले पत्र पुढील कार्यवाहीसाठी पाठविले आहे' एवढेच उत्तर. कोणाकडे पाठवले ते लिहीत नाहीत. मी पुन्हा लिहितो. लिहिणे थांबवणार नाही.

गोळ्यांनी झोप परत आली. ते लगेच झाले नाही. मधे असे आठवडे गेले की मी निराश झालो, आणि एकदा नामाने गोळ्या सोडल्या तेव्हा मी त्याच्यावर इतका ओरडलो की शेजारी गोळा झाले. लताने मला दाराबाहेर काढले आणि म्हणाली, "मामंजी, तुम्ही कोर्टात जाऊन ओरडा." ती त्याच्यापाशी बसून राहिली. तिने त्याला खोलीत मुलांचा अभ्यास घ्यायला लावले. आधी आमच्याच चाळीतली तीन-चार, मग पलीकडची. एखाद्या दिवशी तो दारात दिसला नाही तर ती पोरे पत्र्यावर खडे मारत आणि "मास्तर, ओ मास्तर" करत.

परवाच्या पौषातली गोष्ट. मी संध्याकाळी घरी आलो, तर लता मेथी निवडत होती आणि नामा भिंतीला टेकून बसला होता. चहा घेता घेता तो म्हणाला, "सूनबाई, आज मन ठिकाणावर न्हाई. आज मला एकटं सोडू नका."

मी हातातली बशी खाली ठेवली. लताने मेथीची अर्धी जुडी त्याच्यासमोर सरकवली. "बरं झालं सांगितलंत. ही घ्या, पानं तोडा. मोठ्या काड्या टाकू नका हं, मागच्या वेळी भाजी दातांत अडकली सगळ्यांच्या." शेजारच्या पोराला तिने शिफ्टवरून मुलाला थेट घरी यायला सांगून धाडले. आम्ही चौघे एका ताटलीभोवती जेवलो. कोणी कोणाला उपदेश केला नाही. निजताना मुलाने आपले अंथरूण काकाच्या अंथरुणाला लावून घातले, आणि सकाळी आम्ही सारे इस्पितळात गेलो. पोलिसांना कोणी बोलावले नाही, आकाश कोसळले नाही. एक वाक्य बोलले गेले आणि ते ऐकले गेले, बस्स.

आता बदलीचा हुकूम आला आहे. बदलीसाठीही मी पूर्वी लिहिले होते; माझ्या अर्जांना आलेले हे एकमेव उपयोगी उत्तर. नामाला वालूरच्याच शाळेत घेतले आहे आणि जूनमध्ये त्याने रुजू व्हायचे आहे. जावे की नाही यावर आमचे पुष्कळ भांडण झाले. मी नको म्हणालो, तो म्हणाला, "दादा, शिकवायचं तर मला माझ्याच मानसांत शिकवायचंय." डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांची चिठ्ठी दिली आहे आणि दर काही महिन्यांनी त्याने पुण्याला येऊन जायचे ठरले आहे.

म्हणून हे पत्र. आई, तू त्याला पंगतीत वाढ, तिखटही वाढ. तात्या, फवारणीची औषधे आपल्या माळवदाखाली उघडी पडलेली असतात. ती उद्याच पेटीत घालून कुलूप लावा आणि किल्ली आपल्या करगोट्याला बांधा. हे एकट्या नामासाठी नव्हे. कोणत्या घरात कोणाची वाईट वेळ येईल हे तुम्हांला किंवा मला सांगता येत नाही, आणि ती वेळ टळून जाईपर्यंत हाताशी काही नसणे हेच पुष्कळदा माणसाला वाचवते, असे बाई म्हणाल्या. मारोती, तू कोणाचेही ऐकू नकोस. आणि तो चार दिवस गप्प दिसला, जेवला नाही, आपल्या वस्तू वाटू लागला, तर कुजबुजू नका. समोर बसा आणि सरळ विचारा. हो म्हणाला तर घाबरून पळू नका. त्याच्यापाशी थांबा, मला तार करा आणि त्याला दवाखान्यात न्या. जमादाराला काय सांगायचे ते माझ्यावर सोपवा. मी येईन आणि जे खरे आहे तेच सांगेन. पाहू कोण कोणाला कैद करतो.

तुम्ही प्रत्येक पत्रात विचारता की मी घरी कधी येणार. मला आता या शब्दाचा अर्थ लावताना त्रास होतो. वालूरला माझी जमीन आहे, माझ्या बापाची माती तिथे आहे. पण माझा भाऊ तिथे जे बोलू शकला नाही ते पिंपरीच्या पत्र्याखाली मेथी निवडत बोलला, म्हणून ती भाड्याची खोली मला आज घर वाटते. वालूरवर माझा हक्क आहे, तो मी सोडलेला नाही. परंतु ते माझे घर आहे की नाही, हे आता माझ्या हातात राहिलेले नाही. नामा पुढच्या आठवड्यात येतो आहे. एखाद्या संध्याकाळी तो तुमच्यापैकी कोणाला तरी म्हणेल की आज मला एकटं सोडू नका. त्या वेळी तुम्ही काय कराल, त्यावर ते ठरेल.